सातवी सवाष्ण

स्तेफानं मला गाडी शिकवली, एवढं सांगून थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तिची आठवण आली की अजूनही माझ्या पोटात कुठेतरी कळ येते, आणि ती कळ मायेची कमी, मत्सराची जास्त. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी तोंडावर मारायला नको.

लेस्टरला आम्ही आलो ते आमच्या डॉक्टरांच्या नोकरीपायी. हे भूल देणारे डॉक्टर. लग्न ठरलं तेव्हा सांगलीत आमच्या आळीत सगळे म्हणाले होते, "पोरगी सुखात पडली हो." यांचा भुलीचा हात खरोखर चांगला. इतका चांगला, की थिएटरबाहेरही यांच्यासमोर तासभर बसलं की माणूस हळूहळू बधिर होतं. वाईट नाहीत हो. दारू नाही, आरडाओरडा नाही, पगार वेळेवर. फक्त मी नवीन साडी नेसले काय आणि पडद्याचं कापड गुंडाळून आले काय, यांना दोन्ही सारखंच.

गाडी शिकायची म्हटल्यावर मात्र यांनी एकदम मत दिलं, "लेडी इन्स्ट्रक्टर बघ." बेलग्रेव्ह रोडवरच्या निम्म्याअधिक गुजराती नवऱ्यांचंही तेच मत होतं, आणि त्या भागात लेडी इन्स्ट्रक्टर म्हणजे स्तेफा. तिची डायरी कायम भरलेली. नवरे दारात उभे राहून निर्धास्त हात हलवायचे आणि स्तेफा काच खाली करून म्हणायची, "काळजी नको, आणून सोडते." मग गाडी कोपऱ्यावरून वळली की स्वतःशीच हसायची. ते हसू मला कळायला दोन वर्षं गेली.

पन्नाशीची बाई. रुंद खांदे, पांढरे केस पुरुषी बेतानं कापलेले, गाल थंडीनं कायमचे लाल. जन्म लेस्टरचा, त्यामुळे इथल्या रीतीप्रमाणे कुणालाही "मी डक" म्हणायची. म्हणजे माझं बदक! पण आईवडील युक्रेनचे, लढाईनंतर निर्वासितांच्या छावणीतून इथे आलेले, दोघंही मोज्यांच्या कारखान्यात झिजलेले. घरात युक्रेनियन, रस्त्यावर लेस्टरी, आणि आमच्या बायकांमुळे शिकलेलं मोडकंतोडकं गुजराती. गिअर खरडला की ओरडायची, "धीमे बेन, धीमे!" मी गुजराती नाही हे मी तिला कितीदा सांगितलं. शेवटी ती मला "धीमे वासू" म्हणायला लागली. वसुधाचं वासू. आमच्याकडे वासू म्हणजे कोपऱ्यावरचे किराणावाले वासुनाना, पण तिला कोण सांगणार?

तिच्या गाडीत डॅशबोर्डवर एक भरतकामाचा लांब रुमाल असायचा, लालकाळ्या फुलीच्या टाक्यांचा. त्याला कुणी हात लावायचा नाही. दुपारचा डबा म्हणजे काळा पाव, त्यावर मिठात मुरवलेली डुकराची चरबी आणि कच्च्या लसणाच्या पाकळ्या. मी शाकाहारी, खिडकीला नाक लावून बसायचे. ती मला दर वेळी विचारायची, "थोडं?" मी दर वेळी मान हलवायचे. ती म्हणायची, "नाही म्हणायचा तुला हक्क आहे, विचारायचा मला आहे." असल्या वाक्यांची तिच्याकडे पोतडीच होती. सगळ्यात लाडकं वाक्य, "आधी आरसा, मग मत." लेन बदलायच्या आधी आरशात बघ, हा त्याचा साधा अर्थ. पण कुणी दुसऱ्याच्या सुनेबद्दल काही बोलायला लागलं तरी ती हेच म्हणायची आणि बोलणारीचं तोंड बंद व्हायचं.

एका मंगळवारी मोठ्या राउंडअबाउटवर मी अडकले. चारी बाजूंनी गाड्या, मागून हॉर्न. आणि ही बाई घड्याळ बघून म्हणते, "आज जरा लवकर सोडते हं तुला. वाट बघून जेवण गार झालं की लेस्या दोन दिवस बोलत नाही."

मी विचारलं, "लेस्या कोण? भाची?"

"नाही. माझं माणूस," ती म्हणाली. "जा, जागा झाली. जा!"

मी गेले. कशी गेले ते आठवत नाही. पुढच्या रस्त्याला लागल्यावर तिनं मला नीट सांगितलं. लेस्या युक्रेनमधल्या तेर्नोपिलची, स्टुडंट म्हणून आलेली, सुटीत हियरफर्डकडे स्ट्रॉबेऱ्या तोडायला गेलेली. इथल्या युक्रेनियन क्लबातल्या कुणीतरी स्तेफाला सांगितलं, पोरीला इंग्रजी धड येत नाही, जरा बघ. स्तेफानं बघितलं. झालं.

मला धक्का बसायला हवा होता, नाही का? सांगलीची बाई, देवघरात निरांजन लावून निघालेली. पण खरं सांगते, पहिलं माझ्या मनात आलं ते असं : हिला कुणीतरी जेवायला थांबतं, आणि जेवण गार झालं तर रागावतं. आमच्याकडे गार जेवणाला कुणी रागावतच नव्हतं. मायक्रोवेव्ह होता.

आणि दुसरं आलं ते त्याहून वाईट. मला वाटलं, मंगळवारची स्तेफा माझी आहे, ही लेस्या कोण मध्येच?

लेस्याला बघितल्यावर तर मी आणखी जळले. तिशीची, बारकी, नाकावर चष्मा, दिसायला काही विशेष नाही. पण स्तेफाशी भांडायची काय! बटाटे कुठे लावायचे यावर भांडण, सुपात शेपू किती यावर भांडण. भांडता भांडता स्तेफाच्या कॉलरवरचा पावाचा चुरा झटकायची, तिला कळतही नसेल आपण काय करतोय ते. मी तिथे चहाचा कप धरून बसलेली. माझ्या कॉलरवर काय आहे हे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नाही.

रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात गर्दी असायची. शेतांवर, पॅकिंगच्या कारखान्यांत, हॉटेलांत राबणारी युक्रेनची तरुण मंडळी. पण सगळी नाही, काही ठरावीक. ज्या पोरांना पोरं आवडतात, ज्या पोरींना पोरी. त्यांच्या देशात आता त्याबद्दल कुणी तुरुंगात टाकत नाही, पण मोठ्यानं बोलतही नाही, असं मला स्तेफानं सांगितलं. बोलायला ते लेस्टरला, तिच्या ओट्यापाशी यायचे. तिला 'तेता' म्हणायचे, म्हणजे आपली मावशी. तारास नावाचा एक दातांचा डॉक्टर होता, इथे सॅलडची पाकिटं भरायचा. तो बटाट्याच्या सारणाच्या करंज्या इतक्या सुबक मुरडायचा की मी थक्क. एकदा तो स्तेफाला काहीतरी पुटपुटला आणि सगळ्यांचे हात थांबले. मी लेस्याला खूण केली. ती म्हणाली, "तो म्हणतो, माझ्या आईला वाटतं इथे मी एकटा जेवतो."

आता आईवर आले. स्तेफाची आई त्याच रस्त्यावर राहायची, दोन घरं सोडून. मारियाआजी. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हनुवटी जरा वर. लेस्टरच्या युक्रेनियन लोकांत तिचा मान मोठा, कारण लग्नाचा पाव तिच्या हातचा. त्याला कोरोवाय म्हणतात. साधा पाव नाही तो, परातीएवढा, वर कणकेची पाखरं, फुलं, पानं. त्याच्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. आजीनं क्लबातल्या तीन पिढ्यांचे कोरोवाय केले होते आणि एकालाही कधी तडा गेला नव्हता. तडा गेला की संसाराला तडा, असा त्यांच्यातला समज.

लेस्या राहायला आली तेव्हा आजीनं भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त लेस्या या नावाची बाई जगात नाही असं ठरवलं. आजी रोज दुपारी बिटाचं सूप पाठवायची, निळ्या काठाच्या पांढऱ्या कडीच्या डब्यातून. नेमकं एका माणसापुरतं. एक पळी जास्त नाही. स्तेफा ते दोन वाट्यांत ओतायची, अर्धं अर्धं, आणि डबा घासून परत नेऊन द्यायची. "आई, छान झालं होतं. आम्हा दोघींना आवडलं," असं दर वेळी म्हणायची. आजी दर वेळी डबा घेऊन दार लावायची.

"तू रागावत कशी नाहीस?" मी एकदा विचारलं.

"रागावते ना," स्तेफा म्हणाली. "पण ती पाठवते ना अजून. सूप बंद झालं की काळजी."

क्लबातल्यांनी मात्र थोडं बंद केलंच. दर शनिवारी स्तेफा क्लबात मुलांना नाच शिकवायची. कुणीतरी काहीतरी बोललं, आणि कमिटीच्या एका गृहस्थांनी येऊन सांगितलं, स्तेफा, तू फार दमतेस, थोडी विश्रांती घे. विश्रांती! सबंध दिवस आमच्यासारख्यांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरणारी बाई ती, तिला नाचानं दमायला होतंय होय? तिनं वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी भरतकामाचा सदरा घालून गेली, मागच्या बाकावर ताठ बसून दुसरी बाई शिकवते ते बघत राहिली, आणि संपल्यावर सगळे कप विसळून आली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. "मला काढलंय ते शिकवण्यातून," ती म्हणाली, "माझ्या लोकांतून नाही." मला हे ऐकून चीड आली तिची. माझ्या लोकांतून मला कुणी काढलं नव्हतं, तरी मी कुठे अशी ताठ बसत होते?

एका संक्रांतीला मी तिला आमच्या हळदीकुंकवाला नेलं. सुनंदावहिनींच्या घरी होतं. वहिनी कोल्हापूरच्या, त्यांचे यजमान हाडांचे सर्जन, आणि लेस्टरमधल्या समस्त मराठी बायकांवर वहिनींचं राज्य. रीतीभातीत काडीचा फरक खपायचा नाही. स्तेफा दारात उभी. वहिनींनी कुंकवाची कोयरी हातात धरून मला आत ओढलं.

"हिला कुंकू लावायचं की नाही? लग्न झालंय का हिचं?"

"म्हणजे तसं..." मी म्हटलं.

"तसं म्हणजे कसं? सवाष्ण आहे की कुमारिका? कुमारिका म्हणायला वय बघ तिचं!"

मी खालच्या आवाजात सांगून टाकलं. वहिनींनी डोळे मिटले, उघडले. "जेवायला वाढते का ती बाई हिला?"

"वाढते. रागावते पण."

"मग लाव कुंकू," वहिनी म्हणाल्या. "दारातलं माणूस परत पाठवायचं नसतं."

स्तेफा कपाळभर कुंकू आणि हातात प्लॅस्टिकचा डबा, म्हणजे वाण, घेऊन बसली. तिळगूळ चघळता चघळता तिनं मला विचारलं, "तुझी मैत्रीण आहे ना, ती निवृत्त नर्स, कुसुम? ती का नाही आली?" मी सांगितलं, कुसुमताईंचे यजमान गेले, त्यांना याला बोलावत नाहीत. मला वाटलं आता 'आधी आरसा' येणार. पण स्तेफानं नुसती मान डोलावली. म्हणाली, आमच्यातही आहे हे. कोरोवायला सुखी संसारातल्याच बायका लागतात. सात जणी. विधवा नको, घटस्फोटवाली नको. बाबा गेले तेव्हापासून आईनं कोरोवायच्या पिठाला हात लावलेला नाही. खुर्चीवर बसून सांगते फक्त, हात मांडीवर ठेवून.

"आणि मी, माझं लग्न झालं तर सवाष्ण होईन का गं?" तिनं विचारलं.

त्या वेळी तिचं लग्न होणं शक्यच नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "हो की."

आणि मग आला ना कायदा. दोन बायकांना, दोन पुरुषांना रजिस्ट्री ऑफिसात जाऊन सही करून एकमेकांचं होता येईल असा. लेस्याच्या व्हिसाचाही घोर मिटणार होता. स्तेफानं मला गाडीतच सांगितलं, वसंतातली तारीख मिळाली म्हणून. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, समोर बघत होती, आणि कान लाल झालेले. पन्नाशीची बाई नव्या नवरीसारखी लाजत होती! मी "अभिनंदन" म्हटलं आणि गाडी फुटपाथवर चढवली.

"तुला काय पाहिजे भेट?" मी विचारलं.

"कोरोवाय," ती म्हणाली. "आईच्या हातचा. पण ते व्हायचं नाही. मी विचारलं तिला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गुडघे दुखतात."

क्लबातल्या बायकांनाही तिनं विचारलं होतं. त्यांनी गोड शब्दांत सांगितलं, कोरोवाय नवरानवरीचा असतो, नियम म्हणजे नियम. हे सांगताना स्तेफा पहिल्यांदा रडली. क्लच, ब्रेक, हँडब्रेक सगळं नीट लावून, गाडी बाजूला घेऊन, मग रडली. "पाव विकत मिळतो गं," असं काहीतरी मी बोलले असेन. ती म्हणाली, "वासू, माझ्या जन्मात ज्या ज्या लग्नात मी नाचले, त्या प्रत्येकाला माझ्या आईचा पाव होता. मला तो नाही, म्हणजे माझं लग्न तिनं पाहिलंच नाही असं होईल."

मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "तुझ्याकडे सवाष्णी आहेत ना?"

सुनंदावहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या पदर खोचून म्हणाल्या, "कणीकच ना? हातचा मळ आहे आपल्या."

रीतीप्रमाणे नवरीनं तिथे थांबायचं नसतं. इथे दोन नवऱ्या, म्हणून दोघींनाही बाहेर काढलं. कृती लेस्यानं तेर्नोपिलला मावशीला फोन करून घेतली होती. लग्न कुणाचं, ते मावशीला सांगितलं नव्हतं. आम्ही सात जणी स्तेफाच्या स्वयंपाकघरात, कुणी ड्रेसवर, कुणी साडीवर, बांगड्या मागे सारून. लेस्यानं यीस्ट फुलवून ठेवलं होतं. अंडी फोडताना आमच्यातल्या दोघींनी नाकं मुरडली, पण फोडली. मैदा परातीत. आणि तेवढ्यात सुनंदावहिनींनी गॅसवर पातेलीभर तूप ठेवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मोहन नको?"

"लेस्यानं लोणी मऊ करून घाला म्हणून सांगितलंय."

"ती लहान आहे. कडकडीत मोहन घातल्याशिवाय कधी काही खुसखुशीत झालंय का?" आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी धूर निघालेलं तूप त्या यीस्टच्या पिठात ओतलं. चर्र झालं. सगळ्या जणी म्हणाल्या, वा, काय वास सुटलाय!

पीठ झाकून ठेवलं. तास झाला. बघितलं तर जसंच्या तसं. आणखी तास. पीठ ढिम्म. वहिनींनी बोट खुपसून पाहिलं, त्यावर खळगा पडला तो पडलाच. करंज्या झाल्या असत्या त्याच्या, फार छान. एवढा मोठा पाव व्हायचा नव्हता, आणि लग्न दुसऱ्या दिवसावर.

मी चप्पल सरकवली आणि दोन घरं सोडून गेले. दार आजीनं उघडलं. मला ओळखत होती, मुलीची विद्यार्थिनी म्हणून. मी आपली हातवारे करत सांगितलं, आजी, पीठ फुगत नाही.

"काय घातलं?" आजीनं विचारलं.

"तूप."

"गरम?"

मी मान डोलावली. आजीनं छातीवर क्रूस काढला. मग आत गेली, एप्रन बांधला, डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि माझ्यापुढे चालायला लागली. गुडघे बिडघे काही नाही. दारात थांबून मात्र मला बोट दाखवून म्हणाली, "मी तिच्यासाठी येत नाही. या रस्त्यावरून वाईट कोरोवाय जाता कामा नये, म्हणून येते."

आल्या आल्या तिनं आमचं पीठ उचलून कचऱ्यात टाकलं. सुनंदावहिनींना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कोपऱ्यात उभं केलं. दुसरं यीस्ट, कोमट दूध, मऊ लोणी. आजी खुर्चीवर, हात मांडीवर, आणि आम्ही तिच्या हुकमावर. मग मळायची वेळ आली तशी ती थांबली.

"सात जणी. सगळ्यांची लग्नं झालीत?"

झालीत, झालीत.

"सुखी आहात?"

सगळ्यांनी पिठाळलेले हात वर केले. वहिनींनी तर दोन्ही. आजीची नजर एकेकीवरून फिरत माझ्यावर आली आणि थांबली. म्हातारीचे डोळे निळे, पाणीदार. "तू?"

"माझं लग्न झालंय," मी म्हटलं.

"ते नाही विचारलं."

खोटं बोलायला काय जात होतं? शेजारच्या हात वर करून उभ्या होत्या, त्यांतल्या दोघींच्या घरचं मला ठाऊक होतं. पण कोरोवायला तडा गेला असता तर? स्तेफाच्या लग्नाला माझ्या हातानं तडा? मी तिच्यावर कितीही जळत असले, तरी तेवढी एक गोष्ट मला करायची नव्हती. मी परातीतून हात काढले आणि आजीच्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभी राहिले. मैत्रिणींना असं चारचौघांत कळलं माझं. आजीनं वळून न बघता मागे हात करून माझं मनगट दाबलं आणि सोडलं.

"आता सहाच," ती म्हणाली. "सहा चालत नाहीत."

पुन्हा पंचाईत. कुणाला बोलावणार त्या वेळी? आणि तेव्हा सुनंदावहिनी, कुंकवाची कोयरी हातात धरून दारात अडलेल्या त्याच सुनंदावहिनी, म्हणाल्या, "आजी, तुमचे यजमान कसे होते हो?"

आजी जरा बावचळली. "मिखाइलो? कारखान्यातून माझ्या आधी यायचा. थंडीत माझे घरातले जोडे शेगडीपाशी ठेवायचा. मी आले की ऊन जोडे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "शेवटी आजारी होता, तरी ठेवायचा."

"मग झालं तर," वहिनी म्हणाल्या. "एवढं सौभाग्य असं माणसाबरोबर जातं होय? घाला हात."

गेलेल्या माणसाचे ऊन जोडे! भिंतीला टेकून मी त्या म्हातारीवरही जळले, काय सांगू. मग ती उठली. बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि परातीशी माझ्या जागेवर येऊन उभी राहिली. पहिली मूठ पिठात गेली तशी गायला लागली. आवाज चिरका, पण सूर पक्का. आमच्या बायकांना ते गाणं येत नव्हतं, त्यांनी आपल्या हळदीची गाणी सुरू केली. दोन्ही एकदम, कशाचा कशाला मेळ नाही. पीठ मात्र टम्म फुगलं. वरची पाखरं आजीनं स्वतः केली. चोचीला चोच लावलेली जोडी, अगदी सारखी, एक लहान एक मोठं असं नाही. मी बघत होते ना.

दुसऱ्या दिवशी आजी रजिस्ट्री ऑफिसात आली नाही. गुडघे पुन्हा दुखायला लागले होते. पण टेबलावरच्या त्या पावावरचं कापड काढलं आणि स्तेफानं ती पाखरं पाहिली. लेस्टरमध्ये तशी चोच एकच माणूस काढतं. डॅशबोर्डवरचा तो भरतकामाचा रुमाल स्तेफानं आणला होता, त्यांच्या रीतीप्रमाणे त्यावर दोघी उभ्या राहिल्या, आणि तारासनं त्यांचा पाव कापला. मला लग्न लावणाऱ्या बाईचे शब्द आठवत नाहीत. लेस्यानं स्तेफाची कॉलर नीट केली ते आठवतं.

कुणी विचारेल, मग पुढच्या संक्रांतीला वहिनींनी कुसुमताईंना बोलावलं का? नाही बोलावलं. आजीला सांगणं सोपं होतं. आणि मी घरी येऊन काही केलं का? यांना वरणभात वाढला.

पुढे लेस्याला कार्डिफला युनिव्हर्सिटीत नोकरी लागली, आजीला घेऊन तिघी तिकडे गेल्या. नाताळाला कार्ड यायचं, सातव्या जानेवारीच्या बेतानं, त्यांचा नाताळ तेव्हा. पण माझ्या डोळ्यांपुढे स्तेफाचं घर येतं ते लग्नानंतरच्या त्या एका दुपारचं.

मी एकदाची पास झाले होते. यांची गाडी घेऊन पहिल्यांदा एकटी निघाले, ते थेट स्तेफाच्या रस्त्यावर. तिला लायसन्स दाखवायचं होतं, ओरडून तिला गाडीत बसवायचं होतं, मंगळवार पुन्हा माझा करायचा होता. मी गाडी हळू केली. आरशात बघितलं, आणि आजी दिसली. फुटपाथवरून येत होती, मी मागे टाकलेली, म्हणून आरशात. हातात तो निळ्या काठाचा डबा नव्हता. दोन्ही हातांनी धरलेलं एक मोठं पातेलं होतं, कडेला फडकं गुंडाळलेलं, आणि जपून, एकेक पाऊल टाकत ती ते आणत होती. दार लेस्यानं उघडलं. स्तेफा मागे होती, पण पुढे आली नाही. मी गाडी रांगवत आरशातूनच बघत होते, आजी आता काय करते. आजीनं पातेलं लेस्याच्या हातात दिलं आणि तिचे हात आपल्या हातांनी खाली सरकवले. ऊन आहे, बुडाला धर, असं काहीतरी सांगत असेल.

मी थांबले नाही. हॉर्नही वाजवला नाही. पुढच्या कोपऱ्यावर गाडी बाजूला घेतली, क्लच, ब्रेक, हँडब्रेक सगळं नीट लावलं. एका पातेल्यावर माणूस इतकं जळू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.